दर चौथ्या मंगळवारी

"आडनाव काय म्हणालीस, पोरी?"

"खोब्रागडे. विशाखा खोब्रागडे."

"बरं," रेवंताबाई म्हणाल्या आणि चुलीपुढून उठल्या. फडताळाच्या वरच्या फळीवरून त्यांनी एक कोरं ताट काढलं, राखेनं घासलं, दोनदा विसळलं आणि भात-वरण वाढून माझ्यासमोर ठेवलं. स्वतःसाठी मात्र कोपऱ्यातली पोचे पडलेली जर्मनची थाळी ओढली आणि माझ्यापासून चांगल्या चार हातांवर, दाराच्या उंबऱ्याशी जाऊन बसल्या.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. नागपूरला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला शिकत होते. कुष्ठरोग शोधमोहिमेसाठी आमच्या वर्गातल्या मुली गावोगाव पाठवल्या होत्या. चौदा दिवस घरोघर जायचं, माणसांच्या अंगावर चट्टे आहेत का बघायचं आणि संशय आला तर नाव लिहून पुढे कळवायचं. माझ्या वाट्याला भंडारा जिल्ह्यातलं बोडीटोला आलं. दीडशे घरांचं गाव. गावाच्या एका अंगाला पाण्याची मोठी बोडी, बाकी सगळीकडे धानाची बांधी. उपकेंद्राच्या खोलीला कुलूप होतं, म्हणून माझी सोय गावच्या आशाताईंकडे केलेली.

त्या आशाताई म्हणजे रेवंता नान्हे. वय चाळीस-बेचाळीस. नवरा वारलेला, मुलगी पवनीकडे दिलेली. मातीच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. गावात कुणाला कळा लागल्या की पहिली हाक त्यांना. ताप, लस, बाळाचं वजन, सगळ्याला रेवंताबाई.

निजायला त्यांनी मला आतली खोली दिली. नवी चटई, धुतलेलं गोधडं. स्वतः ओसरीवर पडल्या. सकाळी मी प्यायला पाणी मागितलं तर म्हणाल्या, "त्या तांब्यातलं घेजो. हा माझा आहे." मी त्यांच्या तांब्याला हात लावणार, तोच त्यांनी तो उचलून मागे नेला.

मला समजायचं ते समजलं. माझी आजी सांगायची तसल्या गोष्टी. तिच्या लहानपणी विहिरीवर पाणी कसं वरून ओतायचे, तिला ओंजळ कशी धरावी लागायची. मी त्या ऐकल्या होत्या, पण त्या आजीच्या होत्या. आता ती वेळ माझ्यावर आली होती. अन् ज्या बाईच्या हातात सरकारनं आरोग्याचं काम दिलं होतं, तिच्याकडून.

घरी फोन करावा तर गावात रेंज फक्त बोडीच्या पाळीवर, तिच्या उंच काठावर. संध्याकाळी तिथं जाऊन उभी राहायचे, आईशी बोलायचे. "जेवलीस का?" आई विचारायची. "जेवले," मी म्हणायचे. पुढचं ओठांवर यायचं आणि तिथंच थांबायचं. पाण्यात बगळे उभे असायचे. फोन बंद केला की त्या एवढ्या मोकळ्या जागेत माझं म्हणावं असं कुणी नसायचं.

कामात मात्र रेवंताबाईंना तोड नव्हती. पुरुषांना तपासायला केवळरामकाका, गावचे जुने कोतवाल, ओसरीवर बसत. बायकांना आम्ही दोघी आतल्या खोलीत घेत असू. दार लावून, लुगडं सोडायला लावून, पाठ, मांड्या, कुल्ले सगळं बघावं लागे. परक्या पोरीसमोर बायका लाजायच्या. रेवंताबाई बोलता बोलता त्यांच्या गाठी सोडवत. कुठं फिकट किंवा लालसर डाग दिसला की मी बायकांना डोळे मिटायला सांगायचे आणि पेनाचं टोक हळूच टेकवायचे. लागलं तर बोट ठेवून दाखवायचं. ज्या डागावर लागत नाही, तो आमचा.

"भिऊ नको, माय," त्या प्रत्येक घरी म्हणत. "बरा होते हा रोग. गोळ्या फुकट भेटतात. संगं जेवल्यानं, संगं निजल्यानं नाही होत. माणसाले येगळं टाकू नये."

ते ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. येगळं टाकू नये! आणि संध्याकाळी घरी गेलं की पुन्हा माझं ताट वेगळं, तांब्या वेगळा, बसायची जागा वेगळी. सहाव्या दिवशी माझी ओढणी त्यांच्या धुण्यात गेली होती. त्यांनी ती चिमटीनं बाजूला काढली आणि म्हणाल्या, "तुझी तू धूजो, पोरी. माझ्यात नको मिसळू." मी ओढणी घेतली आणि बोडीवर जाऊन दगडावर आपटली. हात दुखेपर्यंत आपटली.

सातव्या दिवशी आरोग्य केंद्रात आढाव्याची बैठक होती. चार-पाच गावच्या आशा, आम्ही विद्यार्थिनी आणि समोर पर्यवेक्षक रामटेके साहेब. साहेब पन्नाशीचे, कमी बोलणारे, पण कामाला कडक. आकडे झाले, सूचना झाल्या. शेवटी त्यांनी आम्हा मुलींकडे पाहून विचारलं, "राहण्या-जेवणाची काही अडचण?"

बाकीच्या नाही म्हणाल्या. मी उभी राहिले.

"सर, माझं ताट वेगळं ठेवतात. पाण्याचा तांब्या वेगळा. माझ्या कपड्यांना त्या हात लावत नाहीत. पहिल्या दिवशी आधी आडनाव विचारलं."

रामटेके साहेबांनी चष्मा काढला. "कोण?"

मी रेवंताबाईंकडे पाहिलं. त्या मागच्या बाकावर बसल्या होत्या, मांडीवर पिशवी घेऊन.

"नान्हेबाई, उभ्या राहा. ही मुलगी म्हणते ते खरं आहे?"

त्या उठल्या. "हाव साहेब. ठेवते येगळं."

"कशासाठी?"

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, आमच्यात रीतच आहे. त्यांची मान खाली गेली.

"मी विचारतो आहे, कशासाठी? तुम्ही आरोग्याचं काम करता. उद्या बौद्ध वस्तीतल्या बाळाला हात लावणार नाही का?"

"लावते जी. सगळ्यायले लावते."

"मग हिला काय झालं?"

मग त्यांनी पिशवी बाकावर ठेवली, माझ्यासमोर आल्या आणि माझ्या आईच्या वयाच्या त्या बाईनं सगळ्यांदेखत मला हात जोडले. "चुकलं माझं, बाई."

मला वाटलं होतं तसं बरं वाटलं नाही. पण वाईटही वाटलं नाही. आजीची आठवण झाली आणि मी मान ताठ ठेवली.

त्याच दिवशी माझं सामान गावाच्या दुसऱ्या टोकाला, बौद्ध वस्तीत, गोपिकामावशीकडे हललं. मावशी म्हणजे वस्तीचा कणा. त्यांनी मला एका ताटात घेऊन जेवायला बसवलं. "बरं केलंस पोरी, बोललीस. आम्हाले वाटत होतं रेवंता सोन्यावानी आहे. पोटात काय आहे ते कोणाले दिसते?" बातमी माझ्याआधी गावात पोचली होती.

काम मात्र आम्हा दोघींनाच पुरं करायचं होतं. आठव्या दिवशी वस्तीतली घरं होती. पहिल्याच दारात मावशीच्या जावेनं हात आडवा केला. "विशाखा आत येईन. तू बाहेरच राह्य."

रेवंताबाई "बरं" म्हणाल्या आणि लिंबाखाली उभ्या राहिल्या. त्या घराच्या दोन्ही पोरांच्या नाळा त्यांच्यासमोर कापल्या होत्या, हे मला नंतर केवळरामकाकांनी सांगितलं. दोन दिवस मी एकटीनं वस्ती तपासली. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना दिसायचं, त्या उन्हात उभ्या आहेत, पिशवी छातीशी धरून. कुणी त्यांना बस म्हणत नव्हतं. माझ्याशीही त्या कामापुरतंच बोलत. वस्तीत रोज रात्री माझ्याभोवती सात-आठ माणसं असायची, कौतुक करायची. पण कुणाच्या कौतुकाला काय बोलावं, ते मला सुचत नव्हतं.

दहाव्या दिवशी आम्ही बोडीपलीकडच्या टोल्यावर, तिथल्या लहानशा वाडीवर, निघालो. केवळरामकाका सायकलनं रस्त्यानं गेले. आम्ही दोघी शेतातल्या धुऱ्यावरून, बांधाबांधानं. धान कापून झाला होता, बांध्यांतून नुसतं फणकट उरलेलं. त्या पुढे, मी मागे. धुऱ्याची माती वाळून पांढरी पडली होती. चालता चालता मला खाली एक लाल ठिपका दिसला. दोन पावलांवर आणखी एक. मग आणखी. दर डाव्या पावलाला एक.

"रेवंताबाई, थांबा."

"काय झालं?"

"तुमच्या पायातून रक्त येतंय."

"कुठं?" त्यांनी खाली पाहिलं. चपलेच्या कडेनं रक्त पाझरत होतं. त्या धुऱ्यावर टेकल्या. चप्पल काढायला गेल्या तर ती निघेना. बाभळीचा बोटभर काटा चपलेतून आरपार टाचेत रुतला होता. मी खाली बसले, पाय मांडीवर घेतला आणि काटा धरून ओढला. तो करकरत बाहेर आला. माझ्याच दातांवर दात आवळले गेले. मी वर पाहिलं. त्या बोडीकडे बघत होत्या. पाण्यात कुणीतरी जाळं टाकत होतं, ते बघत होत्या.

मी काटा धुऱ्यावर टाकला. मग खिशातलं पेन काढलं.

"डोळे मिटा."

"राहू दे, पोरी."

"मिटा डोळे."

त्यांनी मिटले. मी पेन टाचेला टेकवलं. मग तळव्याला. मग बोटांच्या मुळाशी. जोर देऊन टेकवलं. वारा होता. फणकट खसखसत होतं.

मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी विचारलं, "लावला का?"

मी पेन खाली ठेवलं.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाले. मांडीवर डाग आहेत, पाठीवरही असतीन. पाठ कोण पायते? गावाच्या पाठी मी पायते."

"आणि माझं ताट..."

"तू लोकायची पोर. शिकाले आलेली. माझ्या घरून काही घेऊन गेली असतीस तं तुझ्या मायले मी काय सांगतलं असतं?"

"पण तुम्हीच तर दारोदार सांगता, ताटानं होत नाही म्हणून."

"सांगते." त्यांनी पदरानं टाच दाबून धरली. "मले शिकवलं तसं सांगते. दुसऱ्याले सांगताना खरंही वाटते. आपल्या घरी आलं का मग हात आपसूक मांगं होते."

"मग आडनाव कशाला विचारलं?"

"नाव समजलं होतं, आडनाव नव्हतं समजलं. माणूस घरी आलं का विचारतच असतात."

मी त्यांच्या पायाला धरून बसले होते. माझ्या ओढणीला रक्त लागलं होतं.

"बैठकीत का नाही सांगितलं?" माझा आवाज चढला. "सगळ्यांसमोर हात जोडलेत. मी एवढं बोलले. एक शब्द बोलायचा होता!"

"कोणता शब्द?" त्या शांतपणे म्हणाल्या. "जातीभेद करते म्हणून लोक चार महिने बोलतीन, सहा महिने बोलतीन. हे समजलं तं बाळंतिणीच्या खोलीत कोण घेईन मले? कोण देईन हातात लेकरू? आणि माझ्या पोरीले तिकडून वापस धाडतीन, ते येगळंच."

"मी साहेबांना सांगते, माझा गैरसमज झाला."

"मग खरं काय होतं, ते विचारतीन. काय सांगशीन?"

मी किती वेळ रडले ते माहीत नाही. त्या मला गप्प करायला पुढे सरकल्या. हात माझ्या पाठीकडे आला आणि मध्येच थांबला. मीच तो ओढून घेतला.

शेवटी मी म्हणाले, "मी कुणाला सांगणार नाही. पण औषध घ्यायचं."

"इथं नाही घेत. इथला कंपाउंडर माझ्याच गावचा."

"नागपूरला या. आमच्या दवाखान्यात."

"नागपूरले मले ओळखणारं कोणी नाही," त्या म्हणाल्या. "तुही नाही ओळखाचं. आपल्या भागातले लोक येत राहतात तिथं. कोणी पायलं तं विचारीन, ही सिस्टर कोण, तुझी काय लागते. मग सगळं निघते. तोंड दाखवाचं नाही, बोलाचं नाही. कबूल?"

मी कबूल केलं. टाच बांधली. टोल्यावर पोचायला आम्हाला अर्धा तास उशीर झाला. केवळरामकाकांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "काटा रुतला होता."

निघायच्या दिवशी मला राहवलं नाही. गोपिकामावशी चुलीपुढे होत्या. मी म्हणाले, "मावशी, रेवंताबाईंबद्दल माझ्याकडून चुकीचं बोललं गेलं. त्या तशा नाहीत."

मावशींनी फुंकणी खाली ठेवली. "मग ताट काहून येगळं ठेवलं?"

"ते... दुसरं कारण होतं."

"कोणतं?"

मावशींनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुले कोणी धमकावलं का, पोरी? परीक्षेत नापास करीन म्हणाला का कोणी?"

"नाही, मावशी."

"मग असं बोलू नको. एकदा उभी राहिलीस ना, मग मांगं फिरू नाही." त्यांनी माझ्या पिशवीत मुरमुऱ्याचे लाडू घातले. वस्ती एस.टी.पर्यंत पोचवायला आली. रेवंताबाई आल्या नाहीत.

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी, आमच्या दवाखान्याच्या त्वचारोग विभागासमोर त्या मला दिसल्या. निळं लुगडं, तीच पिशवी. डॉक्टरांनी तपासून बारा महिन्यांचं औषध लिहिलं. दर अठ्ठावीस दिवसांनी यायचं, पहिली मात्रा खिडकीशी कंपाउंडरसमोर घ्यायची आणि बाकीचं पाकीट घरी न्यायचं. म्हणजे दर चौथ्या मंगळवारी. त्या दिवशी मी कुठल्याही वॉर्डात असले तरी काहीतरी निमित्त काढून खाली जायचे. हातात कुणाच्या तरी फाइली घेऊन खिडकीजवळ उभी राहायचे. त्या माझ्यावरून नजर फिरवायच्या, जशी भिंतीवरून फिरवतात.

बोलायच्या त्या कंपाउंडरशी. तो यवतमाळकडचा भला माणूस होता. त्याला वाटायचं, बाई बडबडी आहे.

"उन्हात काम करून काळी पडली म्हणतात गावचे लोक," त्या म्हणायच्या. "म्हटलं, पडली असीन."

औषधानं कातडी काळवंडते. मी फाईल उलटायचे.

चौथ्या वेळी डॉक्टरांनी त्यांना मऊ रबराच्या चपला लिहून दिल्या. तळव्याची संवेदना परत येणार नव्हती, पाय जपायला हवे होते. त्या कंपाउंडरला म्हणाल्या, "नको दादा. त्या चपला पायल्या का गावातलं लहान लेकरूही ओळखते, कोणत्या रोगाच्या आहेत ते." आणि चपला तिथंच ठेवून गेल्या. मी त्या उचलल्या. दवाखान्याबाहेरच्या चांभाराकडून एका साध्या बाजारी सँडलमध्ये आतून तो रबर चिकटवून घेतला, वरून पट्टा शिवून घेतला. पुढच्या चौथ्या मंगळवारी त्या बाकावर बसल्या होत्या, तेव्हा मी सँडल बाकाखाली ठेवले आणि पुढे निघून गेले. जिना चढताना वळून पाहिलं. त्या पाय घालून बघत होत्या, उभ्या राहून, दोन पावलं टाकून. जुन्या चपला बाकाखालीच होत्या.

सातव्या खेपेच्या मंगळवारी त्या आल्या नाहीत. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. मी तिन्ही दिवस खाली गेले. शुक्रवारी आल्या, चेहरा ओढलेला.

"उशीर केला, बाई," कंपाउंडर रागावला.

"बाळंतीण होती, दादा. आडवं आलं होतं. रातभर गाडी भेटली नाही, मग बैलबंडीनं नेलं." त्यांनी आवाज थोडा मोठा केला. "बौद्ध वस्तीतली होती. घरच्यांनी मलेच बोलावलं. पोरगी झाली. दोघीही चांगल्या आहेत."

"बरं झालं," कंपाउंडर म्हणाला.

माझ्या हातातल्या फाइली खाली पडल्या. मी वाकून गोळा करत राहिले. उठले तेव्हा त्या निघून गेल्या होत्या.

बारावं पाकीट संपवून त्या शेवटच्या तपासणीला आल्या तो पुन्हा धानकापणीच्या दिवसांतला मंगळवार होता. डॉक्टरांनी कागदावर सही केली. त्या खिडकीशी आल्या. मी होतेच.

"झालं, दादा," त्या म्हणाल्या. "आता नाही येत मी."

"येऊ नकाच, बाई. चांगल्या राहा."

"हाव." त्यांनी पदर सारखा केला. "या शहरात कोणी ओळखीचं नव्हतं माझ्या. पण एकटं नाही वाटलं." आणि वळून त्या फाटकाकडे चालू लागल्या. डावं पाऊल जरा सांभाळून टाकत होत्या. मी हाक मारली नाही. कबूल केलं होतं.

आज या गोष्टीला बारा वर्षं झाली. मी आता तालुक्याच्या ठिकाणी मुलींना शिकवते, मोहिमेला पाठवते. पाठवण्याआधी त्यांना एक गोष्ट सांगते, की गावात गेलात की तपासणाऱ्या आशाताईलाही तपासा. का, ते सांगत नाही. रामटेके साहेब निवृत्त झाले. त्यांच्या वहीत रेवंता नान्हे यांच्या नावापुढे जे लिहिलं गेलं ते तसंच आहे. ते खोडायचं तर दुसरं काहीतरी लिहावं लागेल.

त्या शेवटच्या भेटीनंतर अठ्ठावीस दिवसांनी मी पुन्हा खाली गेले होते. फाइली न घेताच. खिडकीसमोर रांग होती. मी बाजूला उभी राहिले आणि फाटकाकडे बघत होते.

"कोणाची वाट पाहता, सिस्टर?" कंपाउंडरनं विचारलं.

"कोणाची नाही," मी म्हणाले.

त्या बऱ्या झाल्या होत्या. म्हणूनच येणार नव्हत्या. हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी रांग संपेपर्यंत मी तिथंच उभी राहिले.